तीन नंबर खाणीचे नऊ सामने

रॉक लिक, केंटकी
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय डॉयल,

तुझ्या कार्डाला उत्तर द्यायला दोन वर्षं लागली, त्याबद्दल आधी माफी मागतो. माझी नोला गेली तेव्हा आलेल्या प्रत्येक कार्डाला मी उत्तर लिहिलं होतं, विम्याच्या एजंटलासुद्धा. तुझंच तेवढं राहिलं. का राहिलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

तू आणि जिनिव्हा बरे असाल. तुझ्या खुब्याचं ऑपरेशन झाल्याचं दुकानात कळलं. जिना चढू नकोस, हट्ट करू नकोस. माझं म्हणशील तर रक्तातली साखर वाढली आहे, उजव्या कानानं ऐकू येत नाही आणि मागच्या खोलीवरचा पत्रा एका बाजूनं उचकटला आहे. वारा सुटला की मी उठून बसतो आणि तो गेला की राहिला ते ऐकत राहतो. शेगडीच्या धुराड्याचीही धास्ती वाटते. आणि आता या पत्राची. पोस्टातली बाई म्हणाली, "व्हर्लिनकाका, हल्ली सगळं टपाल आधी शहरात जातं, मग परत येतं." म्हणजे तुझं घर इथून अकरा मैल आणि पत्र हिंडणार दोनशे मैल. मी बोटांवर मोजलं. गुरुवारपर्यंत तुला मिळायला हवं. नाही मिळालं तर काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

कोल्बीच्या खटल्याची बातमी तुला मी काय सांगणार, पण क्रमानं लिहिल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. तुझा नातू दोन हिवाळे पोलंडमध्ये पगारावर बास्केटबॉल खेळला, गुडघा दुखावून परत आला आणि चोविसाव्या वर्षी त्यानं आपल्या पाइन फोर्क कॉलेजात नाव घातलं. कॉलेजच्या खेळांची संघटना म्हणाली, एकदा खेळण्याचा पगार घेतलास की कॉलेजच्या संघात जागा नाही. पोरगा कोर्टात गेला. जज्जांनी तात्पुरता हुकूम दिला, त्यावर तो दोन सामने खेळला. वीस तारखेला, गुरुवारी, शेवटची सुनावणी. हरला तर ते दोन सामने रद्द, शिष्यवृत्ती बंद, आणि तसला गुडघा घेऊन परदेशातही त्याला कोणी दारात उभं करणार नाही.

त्याची वकीलीण, ती मिस प्रुइट, गेल्या महिन्यात माझ्या ओसरीवर आली. तिशीचीसुद्धा नसेल. खुर्चीत मांजर होतं म्हणून पायरीवरच बसली.

"मिस्टर कॉडिल, समोरच्या पक्षाच्या कागदांत तुमचं नाव आहे, ठाऊक आहे का?"

"मी कर भरलाय," मी म्हणालो.

ती हसली आणि तिनं वाचून दाखवलं. संघटनेचे वकील म्हणतात, आमचा नियम सगळ्यांना सारखा, आजवर एकाचीही गय केलेली नाही. दाखला म्हणून त्यांनी काय दिलं असेल? १९६७ साली पाइन फोर्कच्या व्ही. कॉडिल नावाच्या खाणकामगाराच्या मुलाला याच कारणावरून कायमचं अपात्र ठरवलं होतं. अठ्ठावन्न वर्षं ज्या गोष्टीची मी लाज बाळगली, ती आता त्यांच्या न्यायीपणाचा पुरावा झाली आहे. मी तिला पुन्हा वाचायला सांगितलं. डावा कान पुढे करून ऐकलं.

मग ती म्हणाली, "तुमच्याबरोबर कॉलेजचा आणखी कोणी मुलगा पगारावर खेळत होता का? असा एक जरी सापडला, आणि त्याला पुढे खेळू दिलेलं असलं, तर 'सगळ्यांना सारखा' हे त्यांचं म्हणणं जमिनीवर येतं."

"कोल्बीच्या आजोबांना विचारलंत?"

"सगळ्यांत आधी त्यांनाच विचारलं. म्हणाले, कोणी नव्हतं. कॉडिल एकटाच होता."

डॉयल, हे ऐकल्यावर मी मांजराला खाली उतरवलं आणि खुर्चीत बसलो.

तुझी आठवण कच्ची झाली असेल तर सांगतो. सदुसष्टच्या उन्हाळ्यात आपण दोघं तीन नंबर खाणीच्या संघाकडून नऊ सामने खेळलो. कॉलेजच्या मुलांना स्वतःच्या नावानं खेळता यायचं नाही, म्हणून हाडं मोडून घरी पडलेल्या खाणवाल्यांची नावं आपल्याला द्यायचे. मी आर्विल नेपियर झालो. त्याची कंबर छत कोसळून मोडली होती. पगाराच्या खिडकीवर त्याच्या नावानं पाकीट निघायचं, त्यातलं निम्मं मी त्याच्या बायकोच्या हातात द्यायचो. खोऱ्यात याला कोणी लबाडी म्हणत नव्हतं. उलट नेपियरची बायको माझ्यासाठी मक्याचा पाव बांधून ठेवायची. तू माझ्या मागे रांगेत उभा राहायचास, दुसऱ्या एकाचं नाव घेऊन. तुझ्या पाकिटातलं निम्मं त्या घरी पोचायचं की नाही हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि आताही विचारत नाही.

स्कोअरची वही नोलाकडे असायची. एकोणीस वर्षांची पोर, तोंडात पेन्सिल, सगळं लक्ष मैदानावर. शाईनं उसनी नावं लिहायची आणि कडेला बारीक पेन्सिलीनं खरी. मी तिला म्हणालो होतो, "अगं, हे कशाला? पकडले जाऊ ना!" तर म्हणाली, "बास्केट तू टाकायचीस आणि गुण नेपियरच्या नावावर जायचे? माझ्या वहीत असं चालायचं नाही."

नोव्हेंबरात डीननं मला बोलावलं. सगळं त्याला माहीत होतं, नेपियरचं नावसुद्धा, पगाराची खिडकीसुद्धा. त्यानं विचारलं, "आणखी कोण होतं?" मी म्हणालो, "मी एकटाच." तू बाहेर बाकावर बसला होतास. मी बाहेर आल्यावर तुला सांगितलं, "तुझं नाव घेतलं नाही." तू माझा हात दोन्ही हातांत धरलास. तुझे तळवे ओले होते, मला वाटलं ते माझ्या काळजीनं.

त्यानंतर तू तीन वर्षं माझ्या जागेवर खेळलास. त्याच कॉलेजला बावीस वर्षं शिकवलंस. जिमला तुझं नाव आहे, आत भिंतीवर काचेमागे तुझी जर्सी आहे. मी तीन नंबरमध्येच खाली उतरलो, आर्विल नेपियरच्या जागेवर, या वेळी स्वतःच्या नावानं. माझं शिक्षण तिथं संपलं. या पत्रातल्या चुका त्या हिशेबानं वाच.

पण हे पत्र भिंतीबद्दल नाही. भिंतीचं मी पुढे सांगतो.

मिस प्रुइट दुसऱ्यांदा आली तेव्हा कॉलेजच्या जुन्या फाइलीतली एक प्रत घेऊन आली. दोन ओळींची चिठ्ठी, खाली सही नाही. "व्हर्लिन कॉडिल तीन नंबर खाणीकडून पैसे घेऊन खेळतो. आर्विल नेपियर या नावानं खिडकीवर पगार उचलतो." आणि तिच्याखाली डीनच्या हातचं, वेगळ्या शाईत: "सांगणाऱ्याचं नाव नोंदवू नये. तोही खेळला आहे, पण संघाला त्याची गरज आहे."

"बघा ना," ती म्हणाली, "कॉलेजला दुसऱ्या मुलाचं माहीत होतं आणि त्यांनी डोळेझाक केली. मला फक्त तो कोण ते हवंय. हे अक्षर ओळखता?"

"चष्मा सापडत नाही," मी म्हणालो.

"कपाळावर आहे."

मी चष्मा खाली ओढला आणि म्हणालो, "फार जुनं आहे, बाई. बघतो." ती प्रत माझ्याकडेच ठेवून गेली. ती गेल्यावर मी नोलाच्या पेटीतून तुझं सांत्वनाचं कार्ड काढलं आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सव्वा वर्ष आपण एका खोलीत राहिलो, माझे निबंध तूच दुरुस्त करायचास. टी अक्षरावरची, कुऱ्हाडीचा घाव घातल्यासारखी तुझी ती आडवी रेघ मी कुठेही ओळखली असती. कार्डावर तू लिहिलं होतंस: "नोलासारखी विश्वासू बायको मिळायला नशीब लागतं."

विश्वासू. हा शब्द तू लिहिलास, डॉयल. तुझा हात थरथरला नाही. मी भिंगाखाली पाहिलं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. मधे दोनदा शेगडीत लाकूड घालून आलो, गरज नव्हती.

मी कॉलेज सोडलं त्या दिवशी तू मला बसपर्यंत पोचवायला आला होतास. माझी पेटी तूच उचलली होतीस. मी तुला म्हणालो, "खाणवाल्यांखेरीज नेपियरचं नाव तिघांनाच ठाऊक होतं. मी, तू आणि नोला." तू पेटी खाली ठेवलीस, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "पोरींच्या तोंडात तीळ भिजत नाही, गड्या. मनाला लावून घेऊ नकोस." बस आली. मी चढलो.

मी मनाला लावून घेतलं. लग्नाआधी मी तिला विचारलं. ती म्हणाली, मी कोणाला सांगितलं नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं तेच सांगितलं. तेव्हा मी मोठ्या मनानं तिला माफ केलं. नीट वाच. जे तिनं केलंच नव्हतं त्याची मी तिला माफी दिली, आणि तो उपकार चोपन्न वर्षं तिच्या डोक्यावर ठेवला. खाणीतून खोकत वर आलो की बोलायचो. पोरीच्या शाळेची फी भरताना बोलायचो. टीव्हीवर पाइन फोर्कचा सामना लागला की उठून बंद करायचो आणि तिच्याकडे बघायचो. सुरुवातीला ती भांडायची. पुढे पुढे म्हणायची, "तुला जे मानायचं ते मान, व्हर्लिन. जेवायला चल, गार होतंय."

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात ती म्हणाली, "गोधड्यांच्या पेटीत तळाशी वही आहे. कधीतरी उघडून बघ." मी म्हणालो, "आता कशाला ती भानगड?" त्यावर ती भिंतीकडे वळून झोपली. त्यानंतर आम्ही औषधांखेरीज काही बोललो नाही.

वही मी पेटीतून काढली ती मिस प्रुइट पहिल्यांदा येऊन गेल्यावर. तोवर उघडली नव्हती, भीती वाटायची. नऊच्या नऊ सामने आहेत. प्रत्येक पानावर कडेला पेन्सिलीनं "व्ही. कॉडिल" आणि त्याखाली "डी. स्टिडम". दोन्ही नावं, डॉयल. माझ्या एकट्याची चुगली करणारी बाई असती तर तिनं ती वही जाळली असती. तिनं ती छप्पन्न वर्षं जपली, गोधड्यांत, कडुनिंबासारखी कडू पानं घालून, कसर लागू नये म्हणून. मला ते बघायचं नव्हतं.

कोल्बी मंगळवारी आला होता. दाराशीच टोपी काढली. मी घेवडा शिजवला होता, तो तीन वाट्या खाऊन गेला. उठताना टेबलाला हात टेकून उठतो, म्हाताऱ्यासारखा.

"आजोबा म्हणतात, तुम्ही त्यांच्यापेक्षा भारी खेळायचात," तो म्हणाला.

"असं कधी म्हणाला तो?"

"दोन पेले झाले की म्हणतात."

"आणि शुद्धीत असताना?"

"शुद्धीत असताना म्हणतात, व्हर्लिनच्या घरी जायचं नाही. मग मी म्हटलं, जाऊनच बघू."

मला हसू आलं. पोरगा मला आवडला. सरळ आहे, तुझ्यावर गेला नाही. मी त्याला विचारलं, हे सगळं कशासाठी चाललंय, चार महिने उड्या मारायला? तो म्हणाला, "व्हर्लिनआजोबा, गावातल्या शाळेत मास्तर व्हायचंय. कागद हवा. शिष्यवृत्ती गेली तर कागद गेला." मग भांडी घासायला लागला. मी नको म्हणालो तरी घासली.

तो गेल्यावर मी बराच वेळ विचार केला. त्याला वाचवणारी एक गोष्ट तुला ठाऊक होती. एक वाक्य: "मीही खेळलो होतो." कोणी तुला तुरुंगात टाकणार नव्हतं. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तुझ्याकडून कोणी काय काढून घेणार होतं? काचेमागचा एक सदरा. त्या सदऱ्यासाठी तू नातवाला हरू द्यायला निघालास. मला तू विकलंस तेव्हा वीस वर्षांचा होतास, तेव्हा मी म्हणू शकलो असतो, पोर होतं, घाबरलं. आता काय म्हणू?

आता भिंतीचं. डॉयल, वही माझ्या घरात नाही. सहा तारखेला, गुरुवारी, मी ती मिस प्रुइटच्या हातात दिली. पान उलटता उलटता तिचा हात थांबला.

"डी. स्टिडम," तिनं वाचलं. "म्हणजे कोल्बीचे... मिस्टर कॉडिल, याचा अर्थ ती चिठ्ठीसुद्धा..."

"हो," मी म्हणालो. "चष्मा सापडला."

मी प्रतिज्ञापत्रावर सही केली आहे. वीस तारखेला शपथेवर सांगणार आहे की वही माझ्या बायकोची आहे, अक्षर तिचं आहे, आणि चिठ्ठीचं अक्षर तुझं आहे. मिस प्रुइट म्हणते, कोल्बीची बाजू आता भक्कम झाली. तुझा नातू खेळेल, शिकेल, मास्तर होईल. त्याच्यासाठी साक्ष द्यायला मी जाणार आहे, माझ्यासारखा साक्षीदार त्याला दुसरा मिळाला नसता. आणि त्याच साक्षीनं तुझी तीन वर्षं पुसली जातील. शिडी लावून दोन माणसं काच काढतील. मी जिममध्ये अठ्ठावन्न वर्षं पाऊल टाकलं नाही, पण त्या दिवशी जाणार आहे. खालच्या पायरीवर बसून बघणार आहे. पत्र्याचा आवाज येत असूनही गेले चार दिवस मला गाढ झोप लागते, खोटं कशाला बोलू.

तू म्हणशील, हा सूड आहे. आहेच. नातवाच्या भल्याचं कापड मी त्यावर पांघरत नाही. एवढंच की या वेळी दोन्ही गोष्टी एकाच वहीत निघाल्या, याला मी काय करू?

कोल्बीला अजून काही सांगितलेलं नाही. मिस प्रुइट म्हणाली, घरातली गोष्ट आहे, आजोबांना आधी कळलेलं बरं, पण मला त्यांच्याशी त्यांच्या वकिलामार्फत बोलावं लागेल. मी म्हणालो, मी लिहितो. तू त्याला आधीच जवळ बसवून सांगणार असलास तर सांग. मी अडवत नाही.

वही आणि चिठ्ठी कोर्टात येणारच, त्यात बदल नाही, त्यासाठी फोन करू नकोस, जिनिव्हाला पाठवू नकोस. पण बसच्या थांब्यावर तू जे वाक्य बोललास त्याची कोर्टाला गरज नाही. ते मला कोणी विचारणार नाही. ते मी कोल्बीला सांगायचं की नाही, एवढंच अजून माझ्या हातात आहे. त्याच्या आजोबांनी मित्राला फसवलं हे तो आज ना उद्या पचवेल. स्वतःला वाचवायला त्यांनी एका एकोणीस वर्षांच्या मुलीवर बोट दाखवलं, आणि तिच्या मरणानंतर तिला विश्वासू म्हणून कार्ड पाठवलं, हे त्यानं पचवू नये असं मला वाटतं. मी ते त्याला सविस्तर सांगेन, त्याच टेबलाशी.

ते टाळायचं असेल तर मला एक कागद हवा. वकिलाकडून छापून आणलेला नको. तुझ्या हातचा हवा, आडव्या रेघांसकट. त्यात माझी माफी मागू नकोस, मला ती देता येणार नाही आणि माफीचा माझा हात वाईट आहे, हे तू वर वाचलंसच. फक्त लिही की तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, तू सांगितलंस. खाली सही कर, या वेळी कर.

आणि ते मला पाठवू नकोस. पाकिटावर मिसेस नोला कॉडिल, रॉक लिक, असं लिही. पोस्टातल्या बाईला मी सांगून ठेवलं आहे की त्या नावाचं पत्र परत पाठवायचं नाही. मी ते घेऊन वरच्या टेकडीवर तिच्या थडग्यापाशी जाईन आणि तिथं मोठ्यानं वाचेन. माझं स्वतःचं असं काही तिला सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही. तुझ्या कागदानं सुरुवात करता आली तर पुढचं कदाचित बोलवेल.

टपालाचा भरवसा धरू नकोस, दोनशे मैलांचा फेरा आहे. कोणाच्या तरी हाती पाठव, कोल्बीच्याच हाती पाठव, बंद पाकिटात. सुनावणीच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळपर्यंत मी घरीच आहे. लवकर लिही, डॉयल. तिला उशीर खूप झाला आहे.

व्हर्लिन कॉडिल